थांबलात का?

तर झालं असं, की २०२४ च्या भाऊबीजेला ताईने ओवाळलं, मी नेहमीसारखा ताटात पाकीट टाकायला हात पुढे केला आणि ती म्हणाली, "पाकीट राहू दे. या वर्षी ओवाळणी म्हणून याला कॉम्प्युटर बनवून दे."

'हा' म्हणजे आमचे भाचेबुवा. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. त्याच्या लॅपटॉपवर एक रेंडर रात्रभर चालायचा आणि सकाळी उठून बघावं तर ऐंशी टक्क्यांवर लटकलेला. (रेंडर म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बांधलेल्या इमारतीचं खऱ्यासारखं दिसणारं चित्र. खिडकीतून येणारं ऊन कुठे पडेल, कुठे परावर्तित होईल, सगळं गणित करून काढावं लागतं. लॅपटॉप बिचारा घामाघूम होतो.) म्हणून त्याला दणकट डेस्कटॉप हवा होता.

यादी मी केली. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, त्याला चालणारा मदरबोर्ड, सोळा-सोळा जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम, ग्राफिक्स कार्ड, एक टीबीची एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट. सगळं मिळून नव्वद हजारांच्या आत बसलं. त्यातले काही ताईचे, काही माझे आणि बावीस हजार भाच्याचे. त्याने ते कुठून आणले हे मला बिल झाल्यावर कळलं. जुना लॅपटॉप विकून! दहा दिवसांवर सबमिशन, आणि हातात जुनंही मशीन नाही.

"अरे, आधी नवीन चालू तरी होऊ द्यायचास," मी म्हणालो.

"तू बनवणार आहेस ना मामा, मग काय," तो म्हणाला.

झालं! इतका विश्वास कुणी टाकला की माझी छाती उगाचच दोन इंच फुगते. दुकानदार पंधराशे रुपयांत असेंबल करून, चालवून दाखवून द्यायला तयार होता. "छे हो, त्यात काय आहे? मी करतो," असं मी काउंटरवर जरा मोठ्यानेच म्हणालो. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाने चार स्क्रू पिळायला दुसऱ्याला पैसे द्यायचे? शिवाय माझा पहिला कॉम्प्युटर मी २००१ साली स्वतः लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून जोडला होता. १२८ एमबी रॅम, वीस जीबीची हार्डडिस्क आणि टीव्हीएवढा मॉनिटर. पहिल्या फटक्यात चालू झाला होता. (त्यानंतर मी कॉम्प्युटर जोडलाच नव्हता, हा तपशील काउंटरवर सांगायची गरज मला वाटली नाही.)

शनिवारी सकाळी डायनिंग टेबलावर पसारा मांडला. भाच्याच्या हातात एक वही दिली आणि म्हटलं, "लिहीत जा. काय केलं, किती वाजता केलं. इंजिनिअर माणसाने लॉग ठेवावा." तोही आर्किटेक्ट असल्यामुळे (म्हणजे होणार असल्यामुळे) सुंदर अक्षरात, समास सोडून लिहायला बसला.

प्रोसेसर बसवला. जुन्या प्रोसेसरला खाली पिना असायच्या. या नव्या सॉकेटमध्ये पिना मदरबोर्डावर असतात, तब्बल १७१८, केसांसारख्या बारीक. वरून प्रोसेसर अलगद ठेवायचा आणि खटका दाबायचा. खटका दाबताना जो करकर आवाज येतो तो ऐकून माणसाचं आयुष्य दोन दिवसांनी कमी होतं. मग कूलर, रॅम, एसएसडी, कार्ड. वायरी नीट मागून फिरवून बांधल्या. बारा वाजता सुरू केलेलं काम एक वाजून दहा मिनिटांनी संपलं. देवाला उदबत्ती लावायची का, असं ताईने फोनवर विचारलं. मी हसलो.

बटण दाबलं.

पंखे फिरले. कॅबिनेटमध्ये निळे-जांभळे दिवे लागले. आणि मॉनिटरवर पाटी आली, 'नो सिग्नल'. मग तीही गेली आणि सगळं काळं.

आता एक मिनिट जरा आत डोकावू. आपण बटण दाबतो तेव्हा थेट वीज सोडत नाही, फक्त मदरबोर्डाला चिमटा काढतो. मदरबोर्ड एसएमपीएसला सांगतो 'उठ'. एसएमपीएस उठून सगळे व्होल्टेज स्थिर झाले की 'माझं ठीक आहे' असा उलट संदेश देतो. मग कुठे प्रोसेसरला रीसेटमधून सोडतात आणि तो बायोस वाचायला लागतो. प्रोसेसर, मेमरी, पडदा, डिस्क, सगळ्यांची हजेरी घेतली जाते. १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीपासून ही हजेरी चालू आहे. सगळे हजर असले की एक छोटी 'बीप'. माझ्या २००१ च्या मशीनने तीच बीप दिली होती आणि मी हॉस्टेलच्या खोलीत अक्षरशः नाचलो होतो.

आजकाल बीप नसते. बहुतेक कॅबिनेटमध्ये तो बारका स्पीकरच येत नाही. त्याऐवजी आमच्या मदरबोर्डावर चार चिमुकले दिवे होते, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट अशा नावांचे. हजेरी जिथे अडकेल तिथला दिवा लागून राहतो. आमचा रॅमचा दिवा लागलेला होता. पिवळा धमक.

"रॅम गेलीये," मी निदान केलं आणि मशीन बंद केलं.

इथून पुढे मी जे केलं ते क्रमाने सांगतो, कारण प्रत्येक पायरी पुस्तकात दिल्याप्रमाणे बरोबर होती. सगळ्या मिळून मात्र बेक्कार चुकीच्या होत्या.

रॅम काढली, फुंकर मारली, पुन्हा दाबून बसवली. चालू. पंखे, दिवे, काळा पडदा. बंद.

भाच्याने हळूच दाखवलं, की मॉनिटरची वायर मी मदरबोर्डाच्या पोर्टला लावलीये, ग्राफिक्स कार्डाला नाही. कार्ड असताना वायर कार्डाला लावायची, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. "मिळाला बग!" म्हणून मी टाळी वाजवली. वायर बदलली, चालू केलं. काळं. बंद. टाळी वाया गेली.

एकच रॅम ठेवून बघितलं. मग दुसरी. मग जागा बदलून. प्रोसेसरच्या वरच्या कोपऱ्यातली आठ पिनांची वीजवायर लोक लावायला विसरतात, ती तपासली. लावलेली होती. एसएमपीएसची मोठी वायर काढून पुन्हा खटका वाजेपर्यंत दाबली. मग आमच्या काळातलं रामबाण औषध. "खोडरबर दे," मी भाच्याला म्हणालो. ज्यांनी २००० च्या आसपास कॉम्प्युटर दुरुस्त केलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासायच्या, की अर्धे कॉम्प्युटर जिवंत व्हायचे, कारण पट्ट्यांवर साचलेला थर निघून जायचा. आता कालच पाकिटातून काढलेल्या रॅमवर कसला थर येणार? पण भाच्याने आपलं ड्रॉइंगचं भारीतलं खोडरबर दिलं आणि मी घासलं. काळं ते काळंच.

मग बायोसच्या सेटिंग पुसल्या. त्यासाठी मदरबोर्डावर दोन पिना असतात, त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं. वर त्या चपट्या गोल सेललाही पाच मिनिटं बाहेर काढून ठेवलं. तरी काळं.

अडीच वाजले होते. जेवण झालं नव्हतं. भाचा काही बोलत नव्हता, नुसता लिहीत होता. त्याच्या त्या न बोलण्याचा मला फार राग यायला लागला. खरं तर तो माझ्यावर अजिबात चिडलेला नव्हता. पण बावीस हजार, विकलेला लॅपटॉप, दहा दिवस, आणि काउंटरवरचं माझं ते 'त्यात काय आहे', हे सगळं माझ्या डोक्यात एकदमच घुमत होतं.

मी दुकानदाराला फोन लावला.

"रॅम खराब आहे तुमची."

"काय होतंय साहेब?"

सांगितलं. पंखे फिरतात, रॅमचा दिवा, पडदा काळा.

"पाच-दहा मिनिटं थांबलात का?"

आता हा प्रश्न माझ्या कानाला कसा लागला ते सांगतो. इंटरनेट बंद पडल्यावर कस्टमर केअरला फोन केला की ते 'राउटर बंद करून चालू केलात का' विचारतात ना, तसा. गिऱ्हाईकाला कटवायचा प्रश्न! कॉम्प्युटर चालू व्हायला दहा मिनिटं? चुलीवर ठेवलाय का?

"अहो, मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे," मी म्हणालो. हे वाक्य माणूस कधी वापरतो? जेव्हा बाकी काही मुद्दा उरलेला नसतो तेव्हा. तो "बरं साहेब" म्हणाला. मला ते 'बरं'ही खोचक वाटलं. आणि मग मी ते बोललो, ज्यासाठी हा सगळा लेख लिहितोय.

"आणि तुमच्या रॅमच्या पाकिटाचं सील आधीच फोडलेलं होतं. मला तेव्हाच दिसलं होतं. कुणाची तरी परत आलेली रॅम दिलीत तुम्ही."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग तो म्हणाला, "सोमवारी घेऊन या. बदलून देतो."

फोन ठेवला. जिंकल्यासारखं वाटलं. वळून बघतो तर भाचा माझ्याकडे बघत होता.

"मामा, सील तर मी फोडलं ना? सकाळी. तूच कात्री दिलीस."

काय बोलणार? "असेल," असं काहीतरी मी पुटपुटलो आणि पुन्हा कॅबिनेटमध्ये डोकं घातलं. कान गरम झाले होते. सील मला दिसलं वगैरे नव्हतंच. ते वाक्य तोंडातून इतकं सहज निघालं, की बोलत असताना मलाही ते खरंच वाटलं होतं.

खोटं बोलून झाल्यावर त्याला शोभेल असा पुरावा शोधायचा, हाच आता एक उद्योग राहिला. रॅमच खराब ठरायला हवी होती. म्हणून मी बाकीचे भाग निर्दोष ठरवायला निघालो. कूलर काढला, प्रोसेसर उचलला, मोबाइलच्या टॉर्चमध्ये त्या १७१८ पिना बघितल्या. आणि एका कोपऱ्यात एक पिन वाकडी दिसली.

पोटात गोळा आला. पिन वाकली असेल तर ती मीच बसवताना वाकवली, आणि असल्या नुकसानीला वॉरंटी नसते. नवा मदरबोर्ड म्हणजे चौदा हजार. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार चौदा हजारांचा आला नाही. पहिला विचार आला तो हा, की सोमवारी दुकानात रॅमबरोबर मदरबोर्डही नेला तर 'असाच आला होता' म्हणता येईल.

हा विचार मी अर्धा सेकंद केला असेन. पण केला.

मग मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहिला. पिन सरळ होती. टॉर्च तिरका धरल्यामुळे तिची सावली शेजारणीवर पडत होती, इतकंच. मी टॉर्च बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला.

चहा पिताना म्हटलं, आता शेवटचा उपाय. सगळं कॅबिनेटमधून बाहेर काढायचं. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवायचा, म्हणजे खाली कुठे पत्र्याला टेकून शॉर्ट होत असेल तर कळेल. कार्ड नाही, डिस्क नाही, एकच रॅम. या प्रोसेसरमध्ये छोटं ग्राफिक्स आतच असतं, त्यामुळे मॉनिटर थेट मदरबोर्डालाच लावता येतो. कमीत कमी भाग ठेवायचे आणि मग एकेक वाढवत जायचं. खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती.

नवी थर्मल पेस्ट लावून कूलर परत बसवला. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बटणाच्या पिनांकडे वाकलो, तेवढ्यात भाचा वही चाळत म्हणाला, "मामा, एक विचारू? यात सगळं वेगवेगळं आहे, पण एक गोष्ट प्रत्येक वेळी सारखी आहे."

"काय?"

"आपण बंद कधी करतो ते."

वही माझ्यासमोर धरली. त्याच्या त्या सुंदर अक्षरात ओळीने लिहिलं होतं. एक वाजून दहा, चालू. एक अकरा, बंद. एक सतरा, चालू. एक अठरा, बंद. एक सव्वीस, चालू, सत्तावीस, बंद. अकरा प्रयोग. त्यातला सगळ्यात लांब दीड मिनिटाचा, तोही मधे कुरिअरवाला आला म्हणून.

"तो दुकानवाला म्हणाला ना, पाच-दहा मिनिटं," भाचा म्हणाला. "ते आपण केलंच नाहीये."

वीस वर्षं ऑफिसात मी ज्युनियर पोरांना एकच धडा देत आलोय. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बाकी सगळं तसंच ठेवा. मी दहा गोष्टी बदलल्या होत्या आणि जी एक बदलायला हवी होती ती तशीच ठेवली होती. माझी घाई.

पिना टेकवल्या. पंखा फिरला. पिवळा दिवा लागला. भाच्याने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं.

एक मिनिट. दोन मिनिटं. काळ्या पडद्याकडे बघत दोन मिनिटं बसणं किती कठीण आहे हे करून बघा एकदा. तीन मिनिटांच्या आसपास पंखा अचानक थांबला. "गेलं!" म्हणून माझा हात स्विचकडे गेला. भाच्याने माझं मनगट धरलं. "मामा, हात." पंखा आपणहून पुन्हा फिरायला लागला. दिवा तसाच.

साडेचार मिनिटं झाली आणि दिवा विझला. पडद्यावर बायोस उमटला. प्रोसेसरचं नाव, तापमान, सोळा जीबी.

मी नाचलो वगैरे नाही. दोघंही तसेच बसून राहिलो. भाच्याने वहीत लिहिलं, 'पाच वाजून बेचाळीस. चालू. काहीही बदललं नाही, थांबलो.'

आता ती साडेचार मिनिटं नक्की काय चाललं होतं ते सांगायलाच हवं, कारण ते भारी आहे. माझ्या २००१ च्या रॅमचा वेग होता १३३ मेगाहर्ट्झ. म्हणजे तारेवर एक बिट साडेसात नॅनोसेकंद टिकायचा. निवांत कारभार. डीडीआर५ अगदी साध्या वेगाने चालवली तरी प्रत्येक तारेवरून सेकंदाला ४८० कोटी बिट जातात. एका बिटाच्या वाट्याला साधारण २०८ पिकोसेकंद येतात, म्हणजे छत्तीस पट कमी वेळ. तेवढ्यात मदरबोर्डावरच्या तारेतून सिग्नल जेमतेम तीन सेंटिमीटर सरकतो! आणि एका रॅमला डेटाच्या अशा तारा आहेत चौसष्ट. एखादी तार किंचित लांब असली तर तिचा बिट उशिरा पोचणार आणि भलत्याच बिटाच्या जागी वाचला जाणार. म्हणून पहिल्यांदा चालू होताना मशीन या तारांचे उशीर मोजतं, जुळवतं, पुन्हा मोजतं. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एएमडीच्या या प्रोसेसरमध्ये हे काम आतला एक छोटा वेगळा प्रोसेसर करतो, आणि ते होईपर्यंत मुख्य प्रोसेसर जागासुद्धा झालेला नसतो. मग पडद्यावर 'थांबा' असं तरी कोण लिहिणार?

एकदा जुळवणी झाली की मदरबोर्ड ती लिहून ठेवू शकतो, म्हणजे रोज थांबावं लागत नाही. पण रॅम हलवली, जागा बदलली किंवा सेटिंग पुसल्या, की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे मी तीन-साडेतीन तास जे जे उपाय केले त्यातला जवळजवळ प्रत्येक उपाय त्या बिचाऱ्याला 'पुन्हा शून्यापासून मोज' असं सांगत होता, आणि मग मिनिटभरात त्याची मान पिरगळत होता. वाद्यं लावायला बसलेल्या सतारियाच्या दर मिनिटाला खुंट्या सैल करायच्या आणि वर म्हणायचं, सतार खराब आहे!

रात्री सगळं पुन्हा कॅबिनेटमध्ये बसवलं. दोन्ही रॅम लावल्यामुळे पुन्हा चार-पाच मिनिटं काळा पडदा. यावेळी आम्ही तेवढ्यात उरलेली चकली संपवली. त्यानंतर मशीन बंद करून मुद्दाम दोनदा चालू करून बघितलं. अर्ध्या मिनिटाच्या आत आलं. निदान पक्कं. मग मदरबोर्डाचं मॅन्युअल उघडलं. (हो, मग!) त्यात चार ओळींची एक चौकट होती, की रॅम नवीन बसवल्यावर पहिल्यांदा चालू व्हायला काही मिनिटं लागू शकतात, तेव्हा वीज बंद करू नये.

गोष्ट इथे संपवता आली असती. भाचा खूश, ताई खूश. पण रविवारी रात्री भाच्याने विचारलं, "दुकानवाल्याला सांगितलंस का?" मी म्हटलं, "रॅम परत न्यायचीच नाही, म्हणजे कळेलच त्याला." तो "हं" म्हणाला. पोरांचं 'हं' वाईट असतं.

सोमवारी ऑफिसच्या आधी दुकानात गेलो. मला बघताच दुकानदाराने काउंटरखालून नवं, सीलबंद पाकीट काढलं. त्यावर माझं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. "हे घ्या साहेब. आमच्या पोराकडून चूक झाली असणार. परत आलेला माल आम्ही वेगळ्या रॅकला ठेवतो, पण दिवाळीची गर्दी होती. त्याला बोललोय मी."

त्याला बोललोय मी!

माल काढून देणारा तो पोरगा तिथेच मागे खोकी लावत होता. भाच्याएवढाच असेल. माझ्या एका वाक्याने त्याने शनिवारी संध्याकाळी शिव्या खाल्ल्या होत्या, आणि माझं म्हणणं खोटं असू शकेल अशी शंका दुकानदाराला आलीसुद्धा नव्हती. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये असलेला साहेब कशाला खोटं बोलेल?

मी सांगितलं. सील आम्हीच फोडलं होतं, मला माहीत होतं, रागात बोललो. रॅम चांगली आहे. तुम्ही थांबायला सांगितलंत ते मी ऐकलं नाही. हे सगळं सांगायला फार तर अर्धं मिनिट लागलं असेल, पण ते काळ्या पडद्यासमोरच्या साडेचार मिनिटांपेक्षा मोठं होतं.

दुकानदार म्हणाला, "अहो, ही डीडीआर५ आल्यापासून रोज असे फोन येतात. कुणी थांबत नाही." सीलबद्दल तो काहीच बोलला नाही, नुसती ती चिठ्ठी काढून पाकीट परत रॅकवर ठेवलं. मग मी मागे जाऊन त्या पोराला सॉरी म्हटलं. तो आधी गोंधळला, मग "चालतंय की सर" म्हणाला आणि पुन्हा खोकी लावायला लागला. चालतंय असं त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. आणि का चालावं?

असो. तुमच्यापैकी कुणी नवीन मशीन जोडणार असाल तर ऐका. आधी प्रोसेसर, एक रॅम आणि मॉनिटर, एवढ्यावरच चालू करून बघा. काय केलं ते वेळेसकट लिहा. पडदा काळा असेल पण पंखा फिरतोय आणि रॅमचा दिवा लागलाय, तर पंधरा मिनिटं कशालाही हात लावू नका, मधे आपोआप बंद होऊन चालू झालं तरी. जळका वास किंवा धूर आला तरच वीज तोडा. आणि त्या पंधरा मिनिटांत शक्यतो कुणाला फोन करू नका.

भाच्याचं सबमिशन वेळेत झालं. ती वही त्याने मला देऊन टाकली, ऑफिसात टेबलावर आहे. हल्ली कुणी ज्युनियर येऊन "सर, समोरच्या टीमचीच सर्व्हिस बंद आहे" म्हणाला, की मी त्याला विचारतो, "थांबलास का?" बहुतेक जण माझ्याकडे अगदी तसंच बघतात, जसं मी फोनवर त्या दुकानदाराबद्दल मनात म्हणालो होतो.